टेपचं दुसरं टोक

जून 1935. तुम्ही भंडारा रोडच्या फलाटावर उभे आहात. पायाशी पत्र्याची पेटी, काखेत वळकटी. पाटीवर नाव भंडाऱ्याचं, पण भंडारा इथून सातेक मैल लांब. गाव आहे ते वरठी. सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या शोधू नका, त्यांना अजून पन्नासेक वर्षं अवकाश आहे. रुळांपलीकडे नुसत्या धानाच्या बांद्या, पहिल्या सरीची वाट बघत असलेल्या. येणारी गाडी बंगाल-नागपूर रेल्वेची, आणि तुम्ही मध्य प्रांताचे रहिवासी. मुंबई म्हणजे दुसरा इलाखा.

सोडायला आजोबा आलेत. तुम्ही कुठे चाललात हे त्यांना चार वेळा सांगून झालंय.

"इंजिनेरकी का गा?"

"नाही आबा. वास्तुकला. घरांचे नकाशे काढायचे."

"घर तं गवंडी बांधते. त्याले मुंबईले कायले जा लागते?"

उत्तर तुमच्याजवळ नाही. गाडी येते आणि सुटका होते. (इथेच सांगून टाकतो: या प्रवासात बनावट फक्त तुम्ही, तुमचं घर आणि तुमची माणसं. बाकीच्या इमारती जाऊन बघता येतात.)

नागपूरला गाडी बदलायची. स्टेशनाची दगडी इमारत अवघी दहा वर्षांची, 1925 साली उघडलेली. तुम्ही तिच्याकडे बघतही नाही. सगळं लक्ष पेटीवर. रात्रभर तिसऱ्या वर्गाच्या बाकावर अंग चोरून बसता. इगतपुरीला वाफेचं इंजिन सोडतात आणि विजेचं लावतात, मग घाट, धुकं, आणि पावसाने भिजलेलं बोरीबंदर. या स्टेशनावरची दगडातली पानं, माकडं, मोर घडवायला तुम्ही चाललात त्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचेच विद्यार्थी होते, आणि इमारत होती फ्रेडरिक स्टीव्हन्सची. हे तुम्हाला दोन वर्षांनी कळेल. आत्ता हमाल ओरडतोय, "ओ भाऊ, बाजूला व्हा!"

शाळा चालत जाण्याइतकी जवळ, क्रॉफर्ड मार्केटच्या समोर. चित्रकलेची शाळा 1857 ची. वास्तुकलेचं शिक्षण तिथे नकाशे उतरवणाऱ्या ड्राफ्ट्समनच्या वर्गापासून सुरू झालं, साहेबाच्या ऑफिसला हात हवे होते म्हणून. डोकी हवीत हे नंतर सुचलं. आता पाच वर्षांची पदविका आहे, आणि प्रमुख आहेत क्लॉड बॅटले. मुंबई सेंट्रल स्टेशन यांचंच.

पहिले काही महिने तुम्ही घर बांधायला शिकत नाही. तुम्ही कागद ताणायला शिकता. जाड कागद स्पंजने भिजवायचा, कडांना खळ लावून फळ्यावर चिकटवायचा. वाळला की तो ढोलकीसारखा ताठ होतो. शाईची कांडी पाण्यात उगाळायची. मग डोरिक, आयोनिक, कॉरिंथियन: ग्रीक-रोमन खांब, त्यांची शिरं, त्यांच्या सावल्या. पातळ शाईचा थर फळा तिरपा धरून वरून खाली ओढत न्यायचा. मध्ये हात थांबला की डाग. मुंबईच्या जुलैत तो थर वाळता वाळत नाही, कागद पोटात हवा भरल्यासारखा फुगतो आणि तीन दिवसांचं काम वाया. रात्री खानावळीत पोळ्यांच्या चळतीपुढे धानाच्या मुलखातला तुमचा जीव भातासाठी तळमळतो. भात येतो, पण शेवटी आणि मूठभर.

तुमची खरी अडचण मात्र शब्दांची. खांबाच्या डोक्यावरच्या आडव्या दगडाला काय म्हणतात हे तुम्हाला इंग्रजीत तीन प्रकारे सांगता येतं. पण शेजारच्या फळ्यावरचा कोकणातला पोरगा एकदा म्हणतो, "आमच्या पडवीत उजेड असाच येतो," आणि तुम्ही विचारता, पडवी म्हणजे? तो समजावतो. तुम्ही म्हणता, "हां, सपरी!" तो हसतो. तुमच्या कवेलूंना तो कौलं म्हणतो, तुमच्या सांदवाडीला परसू. तासभर दोघं वहीच्या मागच्या पानावर घरं काढत बसता. त्याचं घर उभ्या पावसाचं, जांभ्याचं. तुमचं मातीच्या दोन फुटी भिंतींचं, उन्हाळ्याला भिऊन बांधलेलं. त्या तासाला मार्क नाहीत.

1936 उजाडतं. पेरिन मिस्त्री पदविका घेऊन बाहेर पडतात, या देशात वास्तुकलेची पदविका मिळवलेली पहिली बाई. ओव्हल मैदानाच्या कडेला, भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर गोल कोपऱ्यांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या सज्जांच्या इमारती उगवताहेत. सिमेंट-काँक्रीटमुळे भिंतीला कोपऱ्यावरच खिडकी पाडता येते, आणि तुम्ही वर बघत चालताना एकदा ट्रामखाली जाता जाता वाचता. नोव्हेंबर 1937 मध्ये टाऊन हॉलमध्ये आदर्श घराचं प्रदर्शन भरतं. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने भरवलेलं. नवी स्वयंपाकघरं, नवे दिवे, नवं फर्निचर. मुंबईकर लोटतात. तुम्हीही दोनदा जाता. आजीला त्या ओट्यापुढे उभी करून बघता मनातल्या मनात, आणि तिला बसायला जागाच नाही हे लक्षात येतं.

आणि याच शहरात बॅटलेसाहेबांचा आग्रह उलटा. स्वतः इंग्रज, मलबार हिलवर जिनांचा बंगला 1936 मध्ये त्यांनीच उभा केलेला. पण विद्यार्थ्यांनी इथल्या जुन्या इमारती जाऊन मोजाव्यात हा त्यांचा हट्ट. भारतीय वास्तुकलेचा विकास मोजमापांच्या चित्रांतून मांडणारं त्यांचं पुस्तक 1934 सालचं. मला यात थोडी गंमत वाटते, थोडी शरमही: आपल्या दाराकडे बोट दाखवायला इप्सविचचा माणूस लागला.

तर एका रविवारी तुम्ही अंबरनाथला. शिलाहारांचं शिवमंदिर, शिलालेख 1060 सालचा. तुमच्या शाळेची माणसं इथे मापं आणि साचे घ्यायला 1868 मध्येच येऊन गेली होती, त्यामुळे तुम्ही नवं काही शोधणार नाही. तरी मोजायचं. तिघांची टोळी लागते: एकाने टेपचं शून्याचं टोक धरायचं, दुसऱ्याने आकडा ओरडायचा, तिसऱ्याने टिपायचा. धरणाऱ्याचं काम सगळ्यात हलकं समजतात, म्हणून ते तुमच्याकडे. तासाभरात कळतं की सगळ्यात जास्त बघतो तोच. कोपऱ्याला नाक लावून उभं राहावं लागतं. छिन्नीचा घाव कुठल्या दिशेने गेला, सांधा कुठे आहे, पावसाचं पाणी कुठून उतरून शेवाळ धरतंय, हे आकडा टिपणाऱ्याला दिसत नाही. भिंत इतक्या कोपऱ्यांनी मोडत जाते की सरळ लांबी कुठेच मिळत नाही; मग जमिनीवर एक दोरी सरळ ताणायची आणि प्रत्येक कोपऱ्याचं तिच्यापासूनचं अंतर घ्यायचं. खोली असेल तर दोन्ही कर्ण मोजायचे. समोरासमोरच्या भिंती सारख्या आणि कर्णही सारखे आले तर खोली काटकोनात. उंचीसाठी ओळंबा.

मे 1938. सुट्टी. यावेळी नागपूरला उतरून तुम्ही स्टेशनाकडे वळून बघता, चांगली दहा मिनिटं. मग सिव्हिल लाइन्सपर्यंत तंगडतोड: हायकोर्टाची इमारत चढतेय, दिल्लीत काम केलेल्या हेन्री मेड यांची. पुढे जानेवारी 1940 मध्ये तिचं उद्घाटन होईल. आत्ता नुसत्या परांच्या आणि उन्हाने तापलेला दगड.

वरठीला पोहोचता. दुसऱ्या दिवशी सकाळीच पेटीतून कापडी टेप काढता. आजोबा सपरीत बसलेत.

"काय मोजून रायला गा बाबू?"

"घर."

"पटवाऱ्यानं धाडलं का?"

बातमी अर्ध्या तासात गावभर. मोजणी आली म्हणे. दोन माणसं कुंपणाशी येऊन उभी राहतात, मालगुजाराचा कारभारीही चक्कर मारून जातो. शेवटी आजोबाच वैतागून टेपचं टोक हातात घेतात. "धरू कुठं, सांग."

माजघराचे दोन्ही कर्ण घेता. पाच इंचांचा फरक. पुन्हा मोजता. पाचच. तुम्ही भिंत वाकडी असल्याचं सांगता, आणि आजोबा पहिल्यांदा हसतात. मग टोक न सोडता सांगतात: मागची भिंत नंतरची. धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा घातली, आणि तिकडे चिंच होती, ती तोडायची नव्हती. सपरीचा दुसरा खांब आधी बैलगाडीची दांडी होता म्हणून इतरांहून जाड वाटतो का, असं तुम्ही विचारता. नाही, ते सागाचं लाकूड पुराच्या साली मिळालेलं. देवळी छातीच्या उंचीवर का? कारण दिवा लावणारी पणजी बुटकी होती. छपराचा उतार असा का, तर याहून चढा केला की कवेलू घसरतात आणि याहून पसरट केला की पाणी आत येतं. मयाल, म्हणजे मुख्य तुळई, बसवताना तो गवंड्याने आणि सुताराने तीन दिवस भांडून ठरवला. एक एक आकडा, आणि त्याच्या मागे एक एक माणूस.

संध्याकाळी तुम्ही कागद पसरता. प्लॅनवर पोर्टिको लिहायला हात जातो. खोडता. सपरी लिहिता. माजघर, रांधायची खोली, सांदवाडी. आजोबांना अक्षर येत नाही, पण नकाशावर बोट ठेवून ते अचूक आपल्या बाजेच्या जागी येऊन थांबतात.

"याच्यासाठी मुंबईले जा लागते," ते म्हणतात. प्रश्न की कबुली, हे त्यांच्या आवाजावरून कळत नाही.

आता आजच्या काळात परत या. कानविंदे नावाचा कोकणातल्या आचऱ्याचा विद्यार्थी याच शाळेतून हार्वर्डला वास्तुकार ग्रोपियसकडे गेला आणि पुढे आयआयटी कानपूर बांधून बसला. 1972 मध्ये वास्तुविशारदांचा कायदा झाला. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद नसेल तर आर्किटेक्ट हे बिरुद लावता येत नाही. नागपूरला व्हीएनआयटीत हा अभ्यासक्रम आहे, त्यामुळे वरठीच्या मुलीला आता पास काढून अपडाऊन करूनही आर्किटेक्ट होता येतं. फळ्याच्या जागी लॅपटॉप आला, आणि काटकोन यंत्रच काढून देतं. कर्णांत पाच इंचांचा फरक निघाला तर तोही आपसूक सरळ होऊन जाऊ शकतो.

वरठीत, मोहाडीच्या वाटेवर, कुठल्याही गावात अजून एखादं कवेलूचं घर उभं असेल. माकडांनी कवेलू फोडलेत, आणि दरवर्षी ते फेरायला माणूस मिळत नाही. दोन पावसाळे आत पाणी गेलं की मातीची भिंत बसते. तेव्हा येत्या मे महिन्यात टेप घेऊन जा. आणि दुसरं टोक घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या.