फॉन्टमध्ये अडकलेली मराठी

१९९०च्या दशकात संगणकावर जुळवलेल्या एखाद्या दिवाळी अंकाची टेक्स्ट फाइल आज उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरं, विरामचिन्हं आणि युरोपीय स्वरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. तिच्यात साठवलेत ते निव्वळ आकडे, आणि कोणत्या आकड्याचा कोणता आकार हे ज्याला ठाऊक, तो फॉन्ट त्या संगणकावर नसतो.

प्रमाण पद्धत तेव्हाही होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ‘जिस्ट’ या भारतीय लिपींसाठीच्या तंत्राचं काम पुण्याच्या सी-डॅककडे आलं आणि १९९१मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ला मान्यता दिली. त्यात पहिले १२८ क्रमांक इंग्रजीचे, वरचे भारतीय लिपींचे, ‘क’ १७९वर. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवरून घेतली, त्यामुळे इस्कीतला मजकूर आजही फारशी खळखळ न करता बदलतो.

छपाईच्या धंद्याने मात्र वेगळी वाट धरली. पानं जुळवणाऱ्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं कळत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांच्या जागीच अर्धी अक्षरं, काने, मात्रा बसवले गेले. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचा सुरेख, प्रत्येकाचा आकड्यांचा क्रम निराळा. त्यासाठी फॉन्ट घडवणाऱ्या कारागिरांना दोष देणं अन्यायाचं ठरेल. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी आली तीच मुळी विंडोज २०००पासून.

जुनी फाइल हाती आली की आधी निदान हवं. दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ दिसत असेल, तर तो यूटीएफ-८मधला युनिकोड मजकूर आहे. तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि पहिला बाइट नेहमी २२४ असतो. एन्कोडिंग बदलून फाइल पुन्हा उघडली की काम झालं. तसं नसेल तर फॉन्टचं नाव शोधावं लागतं, आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये नेमकं तेच नसतं.

फॉन्ट सापडला तरी आकड्याला आकडा लावून भागत नाही. ‘किती’ची पहिली वेलांटी जुन्या फाइलीत ‘क’च्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर; ‘सूर्य’चा रफार ‘य’नंतर असतो, तो र आणि हलन्त होऊन आधी यावा लागतो. हिंदीसाठी केलेलं रूपांतराचं कोष्टक वापरलं तर आणखी एक धोका संभवतो. त्यात मराठीचा आडवा ‘र’ नसेल, तर ‘आचाऱ्यास’ दिलेली शिधासामग्री ‘आचार्यास’ पोचते. शब्द दोन्ही बरोबर, म्हणून शुद्धलेखन तपासणारी प्रणाली गप्प राहते. ही चूक छापील अंक शेजारी ठेवून वाचल्यावरच सापडते.