आत्याचा तोतया

इतिहासाशी माझं भांडण शाळेतच झालं होतं. सनावळ्यांनी मला छळलं आणि मी त्यांना विसरून सूड घेतला. पण गेल्या महिन्यात आमच्या आत्यानं एका तोतयाला चाळीस हजार रुपये दिले आणि मला पुन्हा अठराव्या शतकात जावं लागलं.

झालं काय, आत्याच्या मोबाइलवर निरोप आला, ‘आई, फोन हरवला. हा माझा नवा नंबर. अडचणीत आहे, पैसे पाठव.’ वर अमेरिकेतल्या चिरंजिवांचा हसरा फोटो. आत्यानं पैसे पाठवले आणि वर विचारलं, ‘जेवलास का?’ त्याचं मात्र उत्तर आलं नाही.

मी तिला झापणार होतो, पण भाऊसाहेब आडवे आले. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. पण ते खरंच गेले का, ही शंका मागे उरली. शंका उरली की तोतया आलाच! बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या अमलात त्याला कैद झाली. पण १७७६ मध्ये रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्याला मोकळं केलं, आणि कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती गेले. नाना फडणिसांना फौजा धाडाव्या लागल्या. अखेर पळताना तो आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झालं.

त्या गृहस्थाकडे ना फोटो, ना ओटीपी. भांडवल काय, तर थोडंसं साम्य आणि ‘भाऊ परत यावेत’ ही लोकांची आस. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर पती गेले हे कधी मानलंच नाही. त्या वारल्या १७८३ मध्ये.

‘अगं आत्या, तो तुला एरवी ममा म्हणतो ना? मग तुला संशय कसा आला नाही?’ मी विचारलं.

‘आला होता रे,’ ती हळूच म्हणाली. ‘पण किती वर्षांनी आई म्हणाला!’

यावर मी काय बोलणार? मुकाट्यानं १९३० या सरकारी नंबरावर तक्रार नोंदवली, बँकेला कळवलं आणि घरासाठी फर्मान काढलं: नव्या नंबरावरून कुणी पैसे मागितले तर आधी जुन्या नंबरावर फोन करायचा. ओटीपी ब्रह्मदेवालाही सांगायचा नाही. आणि खात्री करायला एक खुणेचा प्रश्न हवा. आत्यानं तो लगेच ठरवला: ‘लहानपणी तू कुठल्या झाडावरून पडलास?’

रविवारी चिरंजिवांचा फोन आला. आत्यानं प्रश्न टाकला. खरा मुलगा साफ नापास!

तेव्हापासून तो दर रविवारी तासभर आईशी बोलतो. उजळणी चालू आहे. पैसे अजून परत आले नाहीत. पण आत्याची त्याबद्दल फारशी तक्रार नाही.