स्थिर विद्युत् विसर्जन चाचणी
माणसाच्या अंगावर साठलेला स्थिर विद्युत् भार स्पर्शाबरोबर उपकरणात शिरला असता ते तग धरते का, हे ठरवणारी चाचणी. तिचे मूळ आयईसी ८०१-२ (१९८४) या मानकात असून सध्या आयईसी ६१०००-४-२ प्रचलित आहे. चाचणीच्या पिस्तुलातील १५० पिकोफॅराडचे धारित्र ३३० ओहमच्या रोधातून रिते केले जाते (→ विद्युत् धारित्र). प्रवाह सुमारे एका नॅनोसेकंदात शिखर गाठतो. ८ किलोव्होल्टला ते ३० अँपिअर असते. उघड्या धातूला अणकुचीदार टोक टेकवून विसर्जन करतात. प्लॅस्टिकच्या भागांवर गोल टोकाने, हवेतून, १५ किलोव्होल्टपर्यंत; मात्र ही ठिणगी आर्द्रतेनुसार आणि टोक जवळ नेण्याच्या वेगानुसार बदलते, म्हणून शक्य तेथे स्पर्शपद्धतच वापरतात.

बिघाड बहुधा बटणांच्या फटींतून किंवा केबलच्या खोबणीतून शिरतो. संरक्षक डायोड खोबणीच्या मुखाशीच हवा. त्याच्यापासून ग्राउंडपर्यंतची वाट लांबली, की तिच्या प्रवर्तकतेमुळे तो निष्प्रभ ठरतो (→ विद्युत् चुंबकीय सुसंगतता). पडदा क्षणभर लुकलुकून आपोआप सावरणे आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे लागणे, हे निकाल वेगळे नोंदवतात. सुट्या चिपसाठीची मानवी देह प्रतिमान चाचणी (१०० पिकोफॅराड, १,५०० ओहम) निराळी; दोहोंची गल्लत नेहमीची.