कीर्तिदालन आणि खिलाडूवृत्ती : अमेरिकी पूलमधील सन्मानाचा इतिहास

सहा पॉकेटांच्या टेबलावर क्यूने, म्हणजे निमुळत्या लाकडी काठीने, खेळला जाणारा पूल हा खेळ अमेरिकेत पैजेच्या आधाराने वाढला, आणि म्हणूनच त्यातील थोर खेळाडूंना गौरवताना त्यांच्या वर्तनाचा हिशेब किती धरावा हा प्रश्न तेथे कायम रेंगाळत राहिला. या खेळाची जननी असलेल्या बिलियर्ड्सला अमेरिकेत प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत मायकेल फेलन अग्रणी होते. ते खेळाडू होते, टेबलांचे कारखानदार होते आणि १८५० मध्ये बिलियर्ड्सवर पुस्तक लिहिणारे ग्रंथकारही होते. तरीही त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते १८५९ मध्ये डेट्रॉइटला जॉन सीरायटर यांच्याविरुद्ध झालेल्या १५,००० डॉलर पैजेच्या सामन्यामुळे. सभ्य करमणूक आणि जुगार या दोन धारा या खेळात आरंभापासूनच अशा एकत्र वाहत होत्या.

खेळाचे नियमन करण्यासाठी १९४८ मध्ये ‘बिलियर्ड काँग्रेस ऑफ अमेरिका’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने १९६६ मध्ये आपले कीर्तिदालन, म्हणजे ‘हॉल ऑफ फेम’, सुरू केले. त्यात पुढे दोन वर्ग रूढ झाले : एक सर्वश्रेष्ठ खेळाडूंचा आणि दुसरा खेळाची उल्लेखनीय सेवा करणाऱ्यांचा. खेळाडूंच्या निवडीत भर राहिला तो वय, व्यावसायिक कारकिर्दीचा काळ आणि स्पर्धांमधील यश यांवर. अमेरिकेतच बेसबॉलच्या कीर्तिदालनाने वेगळी वाट धरली होती. तेथील मतदारांना खेळाडूच्या कामगिरीबरोबरच त्याची सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य यांचाही विचार करण्यास सांगितले जाते. पूलच्या दालनाचा कल पहिल्याच वर्षी उघड झाला, कारण आरंभीच्या मानकऱ्यांत राल्फ ग्रीनलीफ यांचा समावेश होता. १९१९ पासून सुमारे दोन दशके पॉकेट बिलियर्ड्सच्या जगज्जेतेपदावर या देखण्या खेळाडूची छाया होती, पण मद्यपानाने त्यांच्या कारकिर्दीची वारंवार घडी विस्कटली होती आणि हे कोणापासून लपलेले नव्हते. १९५० मध्ये निधन पावलेल्या ग्रीनलीफ यांना संस्थेने हा मान दिला, तेव्हा तो मान त्यांच्या क्यूला होता.

१९४१ ते १९५७ या काळात पंधरा वेळा जगज्जेतेपद मिळवणारे आणि १९५४ मध्ये ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे सलग ५२६ चेंडू पॉकेटात घालणारे विली मोस्कोनी यांनी आयुष्यभर या खेळाला जुगाराच्या अड्ड्यापासून दूर नेण्याचा ध्यास घेतला. नीटनेटका सूट घालून, पंचांसमोर, प्रेक्षकांच्या सभ्य उपस्थितीत खेळला जाणारा पूल हे त्यांचे स्वप्न होते. उलट रुडॉल्फ वँडरोन हे ‘हसलर’ परंपरेचे प्रतिनिधी होते. हसलर म्हणजे आपला खरा दर्जा झाकून गिऱ्हाइकाला पैजेत गुंतवणारा खेळाडू. १९६१ मध्ये ‘द हसलर’ हा चित्रपट गाजल्यावर त्यातील ‘मिनेसोटा फॅट्स’ हे पात्र आपल्यावरूनच बेतले आहे असे सांगत वँडरोन यांनी ते नावच धारण केले, मात्र मूळ कादंबरीचे लेखक वॉल्टर टेव्हिस यांनी हा दावा नाकारला. १९७८ मध्ये एबीसी वाहिनीवर दोघे समोरासमोर आले, तेव्हा वँडरोन यांची अखंड बडबड आणि मोस्कोनी यांचा चढलेला पारा यांनीच प्रेक्षकांना खिळवून ठेवले. सामना मोस्कोनी यांनी जिंकला. तरी १९८४ मध्ये मोठ्या विजेतेपदाचे पाठबळ नसलेल्या वँडरोन यांनाही दालनात प्रवेश मिळाला, आणि तो मिळाला सेवेच्या वर्गात. त्यांच्या बढायांनी लक्षावधी लोक पूलकडे वळले हे संस्थेने मान्य केले, पण त्यांना श्रेष्ठ खेळाडूंच्या रांगेत बसवले नाही. वर्तनाला आणि कौशल्याला वेगवेगळ्या मापांनी मोजण्याचा हा शहाणपणाचा नमुना म्हणता येईल.

काळाचा क्रम उलटला की पेच अधिक अवघड होतो. ब्रुकलिनच्या जीन बालुकास या बालवयापासून गाजलेल्या खेळाडूला १९८५ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, दालनात स्थान मिळाले. १९८८ मध्ये एका स्पर्धेतील वर्तनाबद्दल महिला व्यावसायिकांच्या संघटनेने त्यांच्यावर कारवाई केली, ती त्यांना अन्यायकारक वाटली, आणि ऐन भरात असताना त्यांनी व्यावसायिक स्पर्धांकडे पाठ फिरवली. सन्मान आधी आणि ठपका नंतर असा हा प्रसंग होता. त्यांचे स्थान काढून घेतले गेले नाही आणि ते योग्यच झाले, कारण आधी जिंकलेल्या सामन्यांचे निकाल नंतरच्या रागाने बदलत नाहीत. हाच न्याय वर्तन आधीपासून माहीत असलेल्या खेळाडूलाही लागू झाला पाहिजे, अन्यथा सन्मान मिळणे हे केवळ मतदानाच्या तारखेवर अवलंबून राहील.

अशा खेळाडूंत नॉर्थ कॅरोलायनाचे अर्ल स्ट्रिकलंड हे सर्वांत ठळक उदाहरण आहे. नऊ क्रमांकित चेंडूंनी खेळल्या जाणाऱ्या ‘नाइन बॉल’ या प्रकारात त्यांनी यूएस ओपन पाच वेळा आणि जागतिक अजिंक्यपद तीन वेळा जिंकले. १९९६ मध्ये डॅलस येथे सलग दहा रॅक, म्हणजे चेंडूंचे दहा डाव, प्रतिस्पर्ध्याला संधी न देता संपवणाऱ्यास दहा लाख डॉलर जाहीर झाले असता त्यांनी अकरा रॅक संपवले. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये फिलिपीन्सच्या एफ्रेन रेयेस यांनी एक लाख डॉलरच्या प्रदीर्घ सामन्यात त्यांना १२०–११७ असे निसटते हरवले. पंचांशी हुज्जत, प्रेक्षकांवर खेकसणे आणि प्रतिस्पर्ध्याला टोमणे यांसाठीही स्ट्रिकलंड तितकेच प्रसिद्ध होते. शांत, हसतमुख रेयेस यांना २००३ मध्ये आणि स्ट्रिकलंड यांना २००६ मध्ये कीर्तिदालनात घेण्यात आले, आणि दोन टोकांचे स्वभाव एकाच छताखाली आले.

या साऱ्या उदाहरणांवरून अखिलाडू वर्तनाचे दोन प्रकार वेगळे काढावे लागतात. पहिल्यात आदळआपट, उर्मटपणा आणि ‘शार्किंग’, म्हणजे फटक्याच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करणे, यांचा समावेश होतो. प्रचलित नियम त्यावर इशारा देण्यापासून रॅक किंवा सामना गमावण्यापर्यंतच्या शिक्षांची सोय करतात. हा दोष घडतो तेथेच, त्याच वेळी मोजला जातो आणि त्याची किंमत खेळाडू टेबलावरच चुकवतो. दुसऱ्या प्रकारात ‘डम्पिंग’, म्हणजे पैजेच्या पैशासाठी मुद्दाम हरणे, आणि पंच नसलेल्या सामन्यात स्वतःचा फाउल लपवणे ही कृत्ये येतात. ती निकालच खोटा करतात, आणि कीर्तिदालनाचा सगळा पाया निकालांच्या नोंदीवर उभा असल्यामुळे, त्यांच्याकडे दुर्लक्ष करणारा सन्मान आपलाच आधार पोखरतो.

म्हणून तापट खेळाडूला दालनाबाहेर ठेवणे ही एकाच अपराधाची दुहेरी शिक्षा ठरते, तर सिद्ध झालेल्या लबाडीला आत घेणे म्हणजे प्रामाणिकपणे हरलेल्यांवर अन्याय होय. खिलाडूवृत्तीचा गौरव करायचा असेल तर त्यासाठी स्वतंत्र पुरस्कार असावा, आणि श्रेष्ठत्वाच्या मानपत्रात विजयांच्या यादीशेजारी खेळाडूचा स्वभावही झाकून न ठेवता नोंदवावा. असे केल्याने दालनाचे मोल कमी होत नाही, उलट पुढच्या पिढीला जगज्जेता आणि आदर्श माणूस या दोन गोष्टी एकच मानण्याची सक्ती राहत नाही.