नावाआधी कामाला लागलेला किडा

सोलापुरात विजापूर रस्त्यानं जाताना संभाजी तलाव लागतो. जुनी माणसं अजून त्याला कंबर तलावच म्हणतात. मधली काही वर्षं अशी गेली, की नवख्या माणसाला इथे तलाव आहे हे सांगावं लागायचं. समोर हिरवंगार मैदान, त्यावर चालणारे बगळे आणि मधूनमधून फिकट जांभळी फुलं. फोटोला एकदम झकास. पण ते मैदान म्हणजे जलपर्णी होती, आणि तिच्याखाली अंधारात, हवेवाचून कुजणारं पाणी होतं.

जलपर्णी काढायची, ट्रॉलीत भरायची, पुढच्या वर्षी पुन्हा काढायची. हे चक्र सोलापूरकरांना नवीन नाही. पुण्याच्या नद्या भीमेला मिळतात, भीमा उजनीत येते, उजनीतून पंढरपूरला जाते. त्या वाटेवर कुठेही उभे राहा, ही वनस्पती भेटतेच. कोल्हापूरच्या पंचगंगेतही तीच.

हा लेख मात्र जलपर्णीपेक्षा तिला खाणाऱ्या किड्यांबद्दल आहे. त्यातही एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाबद्दल: पाणवनस्पतीवर एखादा किडा सापडला आणि तो आजवर कुणीच नोंदवलेला नाही असं लक्षात आलं, तर त्याला नाव देण्यानं काय फरक पडतो? किडा तर नाव नसतानाही पानं खातच असतो.

फरक पडतो. एका देशात फसलेला प्रयोग दुसऱ्या देशात यशस्वी होण्याइतका पडतो.

मंत्र्याचं नाव

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियस यांनी १८२३ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव ठेवलं ‘पॉन्टेडेरिया क्रॅसिपिस’. क्रॅसिपिस म्हणजे जाड पायाची. तिचे फुगीर देठ आठवा, नाव पटेल. पुढे १८४३ मध्ये कुंथ यांनी तिला वेगळ्या वंशात टाकलं आणि त्या वंशाला प्रशियाचे मंत्री आयकहॉर्न यांचं नाव दिलं. ‘आयकहॉर्निया’ हे नाव मग जगभर रूढ झालं.

वनस्पतीही जगभर गेली, आणि गेली ती फुलांच्या कौतुकापायी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात पोचली. तिथे तिचं नाव पडलं कचुरीपाना. भातखाचरं, खाड्या, होड्यांच्या वाटा, सगळं तिनं असं अडवलं, की १९३६ मध्ये बंगालात तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. एका शोभेच्या रोपासाठी कायदा!

कायद्यानं ती हटली नाही. अनुकूल हवेत ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. वर तिचं बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. तिच्या मायदेशी मात्र ती इतकी माजत नाही. कारण तिथे तिला खाणारे आहेत. आपल्याकडे रोप आलं, खाणारे तिकडेच राहिले. मग त्यांनाही आणलं तर? याच विचाराला जैविक नियंत्रण म्हणतात.

दोन भाऊ, एकाची नोंद

ज्वारीच्या कणगीत पुढे सोंड असलेले बारीक किडे होतात, त्यांना आपण सोंडे म्हणतो. जलपर्णीला खाणारे भुंगेरे याच गोतावळ्यातले. जेमतेम चार-पाच मिलीमीटर लांब, मळकट रंगाचे. दिवसा रोपाच्या गाभ्यात दडून बसतात, रात्री बाहेर पडून पानाची साल खरवडतात. मादी देठात अंडी घालते. अळी देठ आतून पोखरत गाभ्यापर्यंत उतरते, आणि पुढे पाण्याखाली, मुळांच्या केसांचाच कोष करून त्यात भुंगेरा तयार होतो.

१९२६ साली हुस्टाश या फ्रेंच अभ्यासकानं यातल्या एकाचं वर्णन केलं आणि अर्जेंटिनातले कीटकतज्ज्ञ कार्लोस ब्रुख यांच्या नावावरून त्याला ‘निओकेटिना ब्रुखी’ म्हटलं. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यानं अर्जेंटिनात प्रयोगशाळा थाटून या किड्यांचा अभ्यास सुरू केला. जलपर्णीवरच राहणारा, दिसायला ब्रुखीसारखाच आणखी एक भुंगेरा तिथे होता. १९७० मध्ये रोझ एला वॉर्नर यांनी त्याचं स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णन केलं: ‘निओकेटिना आयकहॉर्निए’, म्हणजे आयकहॉर्नियावरचा.

दोघांत फरक काय? पाठीवरच्या कठीण पंखांवर दोन चकचकीत काळ्या रेघा असतात. नव्या प्रजातीत त्या लांब आणि पुढच्या बाजूला, ब्रुखीत आखूड आणि मध्यावर. ब्रुखीच्या पाठीवर बहुधा फिकट रंगाचा इंग्रजी व्हीसारखा पट्टाही दिसतो. भिंगाखाली दिसणारा एवढाच काय तो फरक. पण परदेशातून किडा आणायचा, तर आधी तपासावं लागतं की तो आपली पिकं खाणार नाही ना. कोंडलेल्या खोलीत त्याच्यापुढे एकेक पीक ठेवून पाहायचं. समजा त्या खोलीत नकळत दोन प्रजाती मिसळल्या, तर तपासणी नेमकी कुणाची झाली? एकाला मिळालेला दाखला दुसऱ्याच्या गळ्यात जाणार. म्हणून आधी नाव, मग दाखला, मग मोकळीक.

१९७२ मध्ये आयकहॉर्निए फ्लोरिडात सोडला गेला आणि १९७४ मध्ये ब्रुखी. भारतात हे दोघे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बेंगळुरूमार्गे आले. भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेत के. पी. जयंत आणि सहकाऱ्यांनी त्यांची तपासणी करून त्यांना तळ्यांत सोडलं. बेंगळुरूच्या तळ्यांत जलपर्णी आटोक्यात आल्याचा जयंत यांचा शोधनिबंध १९८८ चा आहे.

चुकीच्या रोपासाठी चुकीचा किडा

खरी रंगतदार कथा मात्र दुसऱ्या एका पाणवनस्पतीची आहे. तिचं नाव साल्विनिया. हे तरंगतं नेचं. पानांवर बारीक केस असतात, त्यामुळे थेंब टिकत नाही. केरळात ती इतकी फोफावली की लोकांनी तिला ‘आफ्रिकन पायल’ असं नाव दिलं.

१९५८ च्या अखेरीस आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण अडवलं गेलं, आणि काही वर्षांतच साल्विनियानं त्या अजस्र जलाशयाचा हजारेक चौरस किलोमीटर पृष्ठभाग झाकून टाकला. त्या वेळी सगळे तिला ‘साल्विनिया ऑरिक्युलाटा’ समजत होते. साहजिकच ऑरिक्युलाटाला खाणारे किडे शोधले गेले. ते त्रिनिदादमध्ये मिळाले. त्यातला एक भुंगेरा होता ‘सिर्टोबॅगस सिंग्युलॅरिस’. तो आफ्रिकेत सोडला. साल्विनिया काही हटेना.

चूक कुठे झाली, हे रोपाच्या नावातून कळलं. १९७२ मध्ये डी. एस. मिचेल यांनी दाखवून दिलं की जगभर उच्छाद मांडणारं हे नेचं ऑरिक्युलाटा नाहीच. ती वेगळी प्रजाती आहे. त्यांनी नाव दिलं ‘साल्विनिया मोलेस्टा’, म्हणजे त्रासदायक. या रोपाला फलनक्षम बीजाणू होत नाहीत, तुकड्या-तुकड्यांतूनच ते वाढतं.

आता प्रश्न बदलला. मोलेस्टाचं माहेर कुठलं? १९७८ मध्ये वेंडी फोर्नो आणि केन हार्ली या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांना ते आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं. तिथल्या रोपांवरही एक भुंगेरा होता, दोनेक मिलीमीटरचा. दिसायला सिंग्युलॅरिसच. सगळ्यांना वाटलं, जुनाच किडा, फक्त गाव वेगळं.

जून १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळच्या मूनडारा तलावात सोडला. वर्षभराच्या थोड्या पुढे, ऑगस्ट १९८१ पर्यंत, दोनशे हेक्टरांवरची सुमारे १८,००० टन साल्विनिया संपली होती. त्याच वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकात ही हकिगत छापून आली.

मग आफ्रिकेत त्याच किड्याला हे का जमलं नाही? कारण तो तोच किडा नव्हता. शरीराचा आकार, अंगावरच्या खळग्यांची घडण असं बारकाईनं पाहिल्यावर ब्राझीलचा भुंगेरा वेगळा निघाला. त्याच्या अळ्या नेच्याचं खोड आतून पोखरतात. १९८५ मध्ये काल्डर आणि सँड्स यांनी त्याला नाव दिलं: ‘सिर्टोबॅगस साल्विनिए’.

तारखा पुन्हा बघा. काम फत्ते १९८१ मध्ये, नाव १९८५ मध्ये. बेंगळुरूत हा भुंगेरा ऑस्ट्रेलियातून आला तोही नाव मिळायच्या आधीच. तिथल्या एका कमळकुंडातली साल्विनिया त्यानं वर्षभराच्या आत संपवली आणि दबलेली कमळं पुन्हा वर आली. पुढे केरळातही तो कामाला लागला.

किड्याला नावाची गरज नव्हती, हे खरंच. पण पुढच्या प्रत्येक देशाला होती. नाव मिळाल्यावर पत्र पाठवून नेमकं मागता येतं: सिंग्युलॅरिस नको, साल्विनिए पाठवा.

नाव देतात कसं?

नवी प्रजाती जाहीर करणं म्हणजे बातमी देणं नव्हे. आधी सगळ्या जवळच्या नातेवाइकांशी तुलना करावी लागते, त्यासाठी शंभर वर्षांपूर्वीची वर्णनं आणि संग्रहालयांतले नमुने धुंडाळावे लागतात. भुंगेऱ्यांमध्ये अनेकदा नराच्या जननेंद्रियाची घडण पाहिल्याशिवाय निकाल लागत नाही. मग एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून ठरवायचा. उद्या वाद झाला तर हाच साक्षीदार. तो कुठल्या संग्रहात ठेवला, कुठे, कधी आणि कुठल्या रोपावर सापडला, हे लिहून वर्णन प्रसिद्ध करायचं, तेव्हा नाव ग्राह्य धरलं जातं.

यातली ‘कुठल्या रोपावर’ ही नोंद साधी वाटते, पण आपल्या कथेत सगळं तिच्यावरच तर अडलं होतं.

आणि एकदा दिलेलं नाव चिवट असतं. २०१८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी जलपर्णीला पुन्हा मार्टियस यांच्या जुन्या नावाकडे, पॉन्टेडेरियाकडे नेलं. रोपावरून मंत्र्यांचं नाव गेलं. किड्याचं नाव मात्र बदलत नाही. त्यामुळे प्रशियाचे ते मंत्री आता एका भुंगेऱ्याच्या नावात उरले आहेत.

मग सोलापूरचं काय?

इथवर वाचून वाटेल की दोन डबे भुंगेरे आणून कंबर तलावात सोडले की झालं. तसं होत नाही. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद मिळत राहिलं, तर किडा खातो त्याहून वेगानं रोप वाढतं. पुरात रोपं वाहून गेली की त्यांच्यावरचे किडेही जातात. आणि यंत्रानं जलपर्णी काढून काठावर वाळत टाकतो, तेव्हा तिच्या देठातल्या अळ्याही वाळतात. म्हणजे आपणच आपले मजूर मारतो. यंत्र आणि किडा दोन्ही वापरायचे, तर एखादा कोपरा किड्यांसाठी राखून ठेवावा लागतो. त्यांना महिने नव्हे, काही वर्षं द्यावी लागतात. आणि नाल्याचं पाणी तलावात येणं थांबवावं लागतं, ते काम कुठलाच भुंगेरा करणार नाही.

पण एक गोष्ट आपण आजही करू शकतो. जलपर्णीचं पान उन्हात धरून बघा. त्यावर दोन-चार मिलीमीटरचे, खरवडल्यासारखे चौकोनी डाग दिसले, तर बेंगळुरूहून निघालेल्या त्या पाहुण्यांचे वंशज तुमच्या तलावापर्यंत पोचले असण्याची शक्यता आहे. गाभा उलगडला तर भुंगेराही सापडेल. मोबाइलला साधं भिंग रबरानं बांधलं तरी पाठीवरच्या रेघा दिसतात. लांब की आखूड, तेवढं बघायचं. फोटोसोबत जागा, तारीख आणि रोपाचं नाव नोंदवून ठेवायचं.

आणि रेघा दोन्हींशी जुळल्याच नाहीत तर? आपल्या तळ्यांत शिंगाडा आहे, कमळ आहे, पाण्याखाली वाढणारी कितीतरी शेवाळासारखी रोपं आहेत, आणि त्यांना खाणारे इथलेच किडे आहेत. शिंगाड्याची पानं चाळणीसारखी करणाऱ्या भुंगेऱ्याचं नाव ‘गॅलेरुसेला बर्मानिका’. नावात ब्रह्मदेश आहे, कारण पहिलं वर्णन तिकडच्या नमुन्यांवरून झालं. आपल्या तळ्यात किडा होताच, फक्त लिहून ठेवणारं कुणी नव्हतं.

संभाजी तलावाच्या काठावर बसून आपण बहुतेक वेळा मोबाइलकडेच बघत असतो. पुढच्या वेळी कॅमेरा उघडा आणि एक पान उलटं करून बघा.