आडनावातला 'वार'

हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठल्याही बाजारओळीत दुकानांच्या पाट्या वाचत निघा. येरावार, कोत्तावार, मामिडवार, कोंडावार, गड्डमवार. चंद्रपूर, वणी, पांढरकवड्याकडे सरकावे तसतशी ही आडनावे आणखी दाट होत जातात. आमच्या वर्गात अशा मुलांना 'आठवा वार' म्हणून चिडवत. त्यात परकेपणा नव्हता. रोजचीच माणसे होती ती. पुण्या-मुंबईचा पाहुणा मात्र आडनावाशी अडखळतो आणि विचारतो, "हे मूळचे कुठले?" जिनिंगमधले हिशेब लिहून उरलेल्या वेळात मी गेली काही वर्षे या प्रश्नामागे आहे.

'वार' हा मराठी प्रत्यय नाही. तेलुगूत 'वारु' म्हणजे 'ते', आदरार्थी आणि अनेकवचनीही. अमक्यांच्या घरचा मुलगा म्हणायचे तर घराचे नाव घेऊन पुढे 'वारि अब्बायि' म्हणतात. या घराच्या नावाला तिकडे 'इंटि पेरु' म्हणतात आणि ते माणसाच्या नावाआधी येते. पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव या नावातले 'पामुलपर्ती' हे घराचे नाव. (हेच राव नागपूरला कायदा शिकले आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली.) मराठी मुलखात आल्यावर घराचे नाव पुढून मागे गेले आणि 'वारु'तला शेवटचा उकार गळाला. आपला 'कर' गाव सांगतो, हा 'वार' घर सांगतो.

घराची नावे उकलत बसण्यात मोठी मौज आहे. येर्र म्हणजे लाल, कोत्त म्हणजे नवा, मामिडि म्हणजे आंबा, चिंत म्हणजे चिंच, कोंड म्हणजे टेकडी. गड्डम म्हणजे चक्क दाढी! कोण्या दाढीवाल्या पूर्वजाचे हे स्मारक गुळगुळीत दाढी केलेले नातू मिरवतात. काही नावांत गावही दडलेले असते. पंचायत राज्याच्या फेरविचारासाठी १९७० साली नेमलेली बोंगिरवार समिती जुन्या वाचकांना आठवत असेल. त्या आडनावात मला भुवनगिरीचे, म्हणजे एकसंध खडकावरच्या किल्ल्याच्या भोंगीरचे नाव ऐकू येते.

ही माणसे आली कशी, याचे उत्तर नकाशात आहे. आपली वर्धा नदी वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ, कालेश्वरमसमोर गोदावरीत शिरते. म्हणजे तेलंगणातून प्रवाहाच्या उलट चालत राहिले की माणूस आपोआप आपल्या दारात येतो. मधली सरहद्दही फार पक्की नव्हती. वर्धेच्या पलीकडचा वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होता, तर राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात. व्यापारी, विणकर, दगडकाम करणारे, शेतकरी असे वेगवेगळ्या धंद्यांचे लोक वेगवेगळ्या काळी वर चढत आले. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या खंडात तेलुगूच्या बोलींमध्ये कोमटाऊ आणि चांद्याकडच्या विणकरांची साळेवारी यांची वेगळी नोंद आहे. पुढे हिंगणघाटच्या कापसाचे नाव परमुलखात गेले, १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, आणि वणेकाठच्या या बाजाराने आणखी माणसे ओढली.

इथवर सगळे गोड आहे. पण माझ्याकडे येणाऱ्यांना बहुधा गोड काही नको असते, दाखला हवा असतो. मागे एक निवृत्त शिक्षक आले. आडनाव समजा चिंतावार. नातीच्या जातपडताळणीसाठी जुना पुरावा हवा होता, आणि 'वार' आहे म्हणजे आमची जात अमुकच, हे मी लिहून द्यावे अशी त्यांची इच्छा. मी नाही म्हटले. हा प्रत्यय कोमट्यांत आहे, पद्मशाल्यांत आहे, बेलदारांत आहे, मुन्नूरवारांत आहे. तो पूर्वजांची भाषा सांगतो, जात सांगत नाही. आडनावाच्या शेपटीवरून जात ठरवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, काही शिकलेलेही. माझ्या मते हा धंदा इतिहासाचा नव्हे.

मग आम्ही दोघे कागदांमागे लागलो. विदर्भात यासाठी कोतवाल बुकासारखे दुसरे साधन नाही. गावच्या जन्ममृत्यूची ही नोंद पन्नास-पाऊणशे वर्षे मागे सहज नेते. त्यात गुरुजींच्या वडिलांचा जन्म सापडला, पण आडनाव नाही. बापाचे नाव, 'वल्द' करून आजोबांचे नाव, दोन्ही 'अय्या'ने संपणारी, आणि जातीच्या रकान्यात 'तेलंगी'. लिहिणाऱ्याने कानावर पडलेली भाषाच जात म्हणून टिपली होती. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्याच मुलाचे नाव शुद्ध मराठी झाले आणि आडनाव प्रथमच उमटले, शेवटी 'वार' लावून. हा बारसा कोणी केला? बहुधा मास्तरने. घरचे घराचे नाव सांगत असणार, आणि रजिस्टराला शेवटी आडनाव हवे होते. जातीची स्पष्ट नोंद अखेर चुलत घराण्याच्या शेतीच्या जुन्या कागदात निघाली आणि नातीचे काम मार्गी लागले.

नांदेड-किनवटकडे याच घडणीची आडनावे 'वाड'ने संपतात. तेलुगूत 'वाडु' म्हणजे 'तो', एकेरी. ज्यांना गाव 'ते' म्हणे त्यांचा वार झाला आणि ज्यांना 'तो' म्हणे त्यांचा वाड झाला, असा माझा तर्क आहे. तो खरा असेल तर गावाने केलेला मानापमान आज आधारकार्डावर छापला जातो आहे आणि वाचणाऱ्याला पत्ताही नाही.

गुरुजींच्या घरात तेलुगू जवळजवळ संपली आहे. त्यांची आई तेवढी पायलीने तांदूळ मोजताना ओकटि, रेंडु, मूडु म्हणायची. भांडायची मात्र वऱ्हाडीत. तिच्याच माहेरच्या धाग्याने गोदावरीकाठच्या चेन्नूरकडचे एक घर सापडले. गोत्र तेच, घराचे नाव तेच. तिकडे आता घराचे नाव पूर्ण लिहीत नाहीत, आद्याक्षरावर भागवतात. त्या घरची लग्नपत्रिका आली तेव्हा तेलुगू वाचता येणाऱ्या शेजाऱ्याकडून गुरुजींनी ती वाचून घेतली. नवऱ्या मुलाच्या नावाआधी 'चि. चिं.' असे दोनदा कसे, म्हणून पुतण्या हसू लागला. पहिले चिरंजीव होते. दुसरे त्यांचे आडनाव.