चुकीच्या प्रश्नाचे खरे उत्तर

विश्व प्रसरण पावत आहे असे म्हणताच हबलचे नाव ओठांवर येते. ते योग्यच आहे. परंतु या शोधाचा पाया ज्याने रात्री जागून घातला, त्या व्हेस्टो स्लायफरचे स्मरण आम्हांस आज करून द्यावयाचे आहे.

अमेरिकेत ॲरिझोनामधील फ्लॅगस्टाफ येथे पर्सिव्हल लॉवेलने वेधशाळा उभारली होती. आकाशातील सर्पिल अभ्रिका म्हणजे जन्मास येत असलेल्या सूर्यमाला असाव्यात, अशी त्याची समजूत. म्हणून त्यांचे वर्णपट घेण्याचे काम त्याने १९०९ साली स्लायफरकडे सोपविले. अभ्रिकांचा प्रकाश इतका मंद, की एका काचेवर वर्णपट उमटावा यासाठी २४ इंची दुर्बीण तासन् तास, कधी लागोपाठ अनेक रात्री, एकाच अभ्रिकेवर रोखून धरावी लागे.

वर्णपटातील रेषा या मूलद्रव्यांच्या खुणा होत. वस्तू जवळ येत असेल तर त्या निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. देवयानीतील अभ्रिका सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपणाकडे येत आहे, असे १९१२ सालच्या काचांवरून दिसून आले. एवढा वेग तोवर कोणत्याही खस्थ वस्तूचा मोजला गेला नव्हता. १९१७ पर्यंत २५ अभ्रिकांचे वेग हाती आले. त्यांपैकी २१ दूर पळत होत्या. अशा वस्तू आपल्या तारकासमूहाबाहेरील स्वतंत्र दीर्घिका असाव्यात, या मताकडे स्लायफर झुकला. नव्या सूर्यमाला शोधावयास निघालेल्यास दीर्घिका सापडल्या!

१९२९ साली हबलने अंतर व वेग यांचे नाते मांडले. अंतरे त्याची होती; वेग बहुतांशी स्लायफरचे. त्या निबंधात मात्र या वेगांचे श्रेय स्लायफरच्या नावे नोंदविलेले नव्हते. ते ऋण हबलने पुढे मान्य केले.

तीच विद्या आज कोठवर पोहोचली आहे पाहा. २०२१ च्या डिसेंबरात सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने २०२४ साली एका दीर्घिकेचा वर्णपट दिला. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय तीस कोटी वर्षेही नव्हते. २०२५ साली चिलीतील रेडिओ-दुर्बिणींना तिच्यात ऑक्सिजन आढळला. ऑक्सिजन घडतो ताऱ्यांच्या पोटात. अर्थात तोवर ताऱ्यांची एक पिढी जगून संपलीही होती. दीर्घिका इतक्या लवकर कशा घडल्या, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे उभा आहे.

त्यांची आजची अनुमाने कदाचित लॉवेलच्या समजुतीप्रमाणेच चुकतील. तथापि काचेवर जे उमटले ते स्लायफरने जसेच्या तसे नोंदविले, म्हणून ती चूक शास्त्रास फलद्रूप झाली, असे आम्हांस वाटते.